सुईणीचं देणं

पाचवीच्या दिवशी पाटा-वरवंटा पुजून झाला की आमच्या गावात सुईणीचं देणं व्हायचं. सुपात जोंधळे, वर खण, नारळ आणि सव्वा रुपया. मुलगा झाला असेल तर खणाऐवजी लुगडं. घरातली थोरली बाई सूप घेऊन उंबऱ्यापर्यंत यायची, सुईण खाली अंगणात पदर पसरून उभी राहायची आणि वरून धान्य तिच्या पदरात पडायचं. पाच दिवसांपूर्वी हीच बाई याच घराच्या आतल्या खोलीत रात्रभर बसलेली असायची. बाळ सगळ्यात आधी तिच्याच हातावर उतरलेलं असायचं. तरी देणं घ्यायला ती अंगणातच.

लहानपणी हे मी दोनदा पाहिलं. तेव्हा त्यात काही खटकलं नाही, पुढे खटकत राहिलं. घरी बाळंतपण करावं म्हणणाऱ्या शहरातल्या मुली आता मला विचारतात, सुईण कुठे शोधायची आणि तिला किती द्यायचं? तेव्हा ते सूप डोळ्यांपुढे येतं. किती द्यायचं याआधी ते कशाचं द्यायचं आणि कोणत्या अटीवर द्यायचं, हे ठरवावं लागतं. आपल्याकडे त्या दोन्ही गोष्टी फार काळ चुकीच्या ठरवल्या गेल्या.

सुईण हा शब्द संस्कृतातल्या ‘सूति’शी, म्हणजे प्रसवाशी, नातं सांगतो. कुठे तिला दाई म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ती पुष्कळदा मातंग समाजातली असे, काही गावांत न्हाव्याच्या घरची. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांमध्ये तिची गणती नाही. तिच्या नवऱ्याला दोरखंड वळण्याचं बलुतं होतं, न्हाव्याला हजामतीचं होतं. तिच्या कामाचं मात्र बांधलेलं बलुतं नव्हतं. ज्या घरी बोलावलं त्या घरानं खुशीनं द्यायचं. त्या खुशीचं माप मुलगा की मुलगी यावर ठरायचं, जणू ते तिच्या हातात होतं.

तिचं काम काय होतं? कळा सुरू झाल्यापासून शेजारी बसणं, कळ खरी की खोटी ते ओळखणं, पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे का ते जाणणं, बाईला धीर देणं, घाई न करणं. मग नाळ कापणं, वार पडेपर्यंत थांबणं, ती अंगणात पुरणं, रक्ताचे कपडे धुणं आणि पुढे दहा-बारा दिवस बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणं. बाळंतपणाचा दहा दिवस विटाळ असल्यानं यातलं बरंचसं काम घरातल्या बायका करत नसत. म्हणून घराच्या हिशेबात सुईणीचं देणं हे धुण्याचं आणि पुरण्याचं देणं होतं. रात्रभर तिनं काय पाहिलं, काय ओळखलं, काय टाळलं, याला त्या सुपात जागा नव्हती.

तेव्हा सुईण शोधावी लागत नसे. पोटुशी बाई पाणवठ्यावर दिसली की सुईणीला कळायचंच. शोधण्याची वेळ यायची ती गावानं दार लावून घेतलेल्या बाईवर. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात ब्राह्मण विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे दोनच वाटा असत, स्वतःचा जीव देणं किंवा मूल मारणं. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते या बायकांसाठी. गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं.  सावित्रीबाईंनी तिथे स्वतः या बायकांचं केलं. १८७४ मध्ये तिथल्याच काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. बाळंतपणात मदत करणाऱ्या हातांचा विटाळ मानणाऱ्या शहरात एका शिक्षिकेनं ते काम आपलं मानलं. फुल्यांच्या शाळांइतकंच हे मोठं आहे असं मला वाटतं.

ते गृह निघाल्यावर वीस-बावीस वर्षांनी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यक शिकल्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठीचं कामा रुग्णालय सुरू झालं. बाळंतपण हळूहळू माजघरातून दवाखान्याकडे निघालं, पण खेड्यापर्यंत ती वाट पोचायला आणखी शंभर वर्षं लागली.

मधल्या काळात सरकारनं सुईणींना शिकवलं. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून, दाई प्रशिक्षणाचे वर्ग गावोगाव झाले. शिकवणीचा गाभा पाच स्वच्छतांचा होता: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ आणि नाळेचं टोक स्वच्छ. ऐकायला साधं वाटतं. पण नाळ विळ्यानं कापून वर राख किंवा शेण लावलं की धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात जातात. आठवडाभरात बाळाचा जबडा घट्ट मिटतो, त्याला दूध ओढता येत नाही आणि अंगाला झटके येऊ लागतात. अशी मुलं सटवीनं नेली असं गावं म्हणत. नव्या ब्लेडनं, उकळलेल्या दोऱ्यानं आणि आईला टोचलेल्या धनुर्वाताच्या लशीनं ती वाचू लागली. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. या यशात हजारो निरक्षर सुईणींच्या उकळत्या पातेल्यांचा वाटा आहे.

पण एका गोष्टीपुढे सुईण हतबल होती, आणि ते मोकळेपणानं सांगायला हवं. वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही की रक्त थांबत नाही, आणि धडधाकट बाई काही तासांत जाते. त्याला इंजेक्शन लागतं, प्रसंगी रक्त लागतं, शस्त्रक्रिया लागते. नुसत्या शिकलेल्या सुईणीमुळे मातांचे मृत्यू पुरेसे कमी होत नाहीत हे लक्षात आल्यावर धोरण बदललं. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि पैशाचा प्रवाह वळला. महाराष्ट्रात योजनेत बसणाऱ्या ग्रामीण बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यास ७०० रुपये, शहरात ६००. दारिद्र्यरेषेखालची बाई घरी बाळंत झाली तर ५००. गरोदर बाईचा पाठपुरावा करून तिला दवाखान्यात आणणाऱ्या ग्रामीण आशाताईला ६०० पर्यंत मोबदला. सुईणीच्या नावानं काही नाही.

पैसा जिकडे वळला तिकडे बाळंतपणं वळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात ६४.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के. एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, २०१८-२० मध्ये ३३. हे आकडे कुणीही हलक्यात घेऊ नयेत. आजीच्या पिढीत बाळंतपणात गेलेली बहीण किंवा जाऊ नाही असं घर आमच्या गावात सापडत नव्हतं. घरच्या बाळंतपणाचं गोड चित्र रंगवणाऱ्यांना मी एवढंच विचारते, त्या बहिणींची आठवण कुणाकडे आहे?

मला खटकतं ते वेगळंच. पैसा वळवताना सुईणीला दवाखान्याच्या दारातही जागा ठेवली नाही. ठेवली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर गडचिरोलीत आधीच दिसलं होतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या ३९ गावांत सुईणीला दूर सारलं नाही. तिच्या शेजारी गावातलीच एक शिकवलेली आरोग्यदूत बसवली. सुईण आईकडे पाहणार, आरोग्यदूत बाळाकडे. ती बाळाचं वजन करणार, ऊब देणार, रडलं नाही तर पिशवी आणि मुखवट्यानं श्वास देणार, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणार. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष आले. ज्या गावांत हे केलं नव्हतं त्यांच्या तुलनेत नवजात मृत्यूंचं प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटलं होतं. पुढे हीच पद्धत देशभरच्या आशाताईंकडे आली. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा गृहभेटी, घरच्या बाळंतपणानंतर पहिल्या दिवसाची धरून सात, आणि त्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. भागाकार वाचकांनीच करावा.

आता शहरातल्या त्या मुलींच्या प्रश्नाकडे येते. पुण्या-मुंबईत, गोव्यात घरी बाळंतपण करवून देणाऱ्या मोजक्या मिडवाइफ आहेत. ‘सुईण’ शब्द त्या वापरत नाहीत. सुशिक्षित मराठी घरांतही तो वापरला जात नाही, याचं मला वाईट वाटतं. शोध कुठून सुरू करायचा? पहिल्यांदा नोंदणी पाहा. आपल्याकडे नर्सिंगच्या अभ्यासक्रमात प्रसूतीचं शिक्षण असतं आणि नोंदणी परिचारिका आणि प्रसाविका अशी दोन्ही होते. महाराष्ट्रात ती राज्याच्या परिचर्या परिषदेकडे असते. प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका. डूला ही प्रसाविका नाही. ती सोबत करते, पाठ चोळते, धीर देते, आणि ते काम मोलाचंच आहे. पण नाळ गळ्याभोवती आली तर काय करायचं हे तिच्या शिक्षणात नसतं. हा फरक न कळल्यामुळे फसलेली घरं मला माहीत आहेत.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. परिचारिकांना १८ महिन्यांचं जादा प्रशिक्षण देऊन स्वतंत्रपणे साधी बाळंतपणं करणाऱ्या प्रसाविका तयार करायच्या असं त्यात ठरलं. त्यांची जागा मात्र रुग्णालयातल्या वेगळ्या कक्षात आहे, तुमच्या घरी नाही. २०२३ मध्ये परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा नवा कायदाही झाला. तरी घरी येणाऱ्या प्रसाविकेची फी किती असावी, ती कुणी भरावी, यावर सरकारी कागद गप्प आहे. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी रुग्णालयातल्या मुक्कामावर उभ्या असतात. म्हणजे घरचं बाळंतपण हे खिशातूनच.

प्रसाविका भेटली की तुम्ही तिची परीक्षा घ्याल तशी तिनं तुमची घ्यायला हवी. आधीचं सिझेरियन, जुळं, पायाळू बाळ, चढता रक्तदाब, साखर, खाली असलेली वार, फार कमी हिमोग्लोबिन, यांपैकी काही असताना जी बाई ‘करू या घरी’ म्हणते तिला चहा पाजून निरोप द्यावा. दवाखाना किती अंतरावर, रात्री गाडी कोण चालवणार, तिथले डॉक्टर तिला ओळखतात का, हे तिनं आपणहून विचारलं पाहिजे.

माझा एक प्रश्न ठरलेला आहे: ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन जवळ ठेवता का आणि कधी देता? उत्तरात सगळं कळतं. बाळ बाहेर आल्यावर दिलं तर हे इंजेक्शन गर्भाशय आवळून रक्त थांबवतं, जीव वाचवतं. तेच बाळ पोटात असताना, घाई व्हावी म्हणून घरात टोचलं तर कळा इतक्या जोरात येतात की बाळ गुदमरतं, क्वचित गर्भाशय फाटतं. खेड्यांत ‘कळा वाढवायची सुई’ देणारे भोंदू डॉक्टर अजून आहेत, आणि त्यांना पैसे मिळतात ते बाळ लवकर झाल्याचे. जी प्रसाविका सांगेल की इंजेक्शन थंड डब्यात असतं, बाळ झाल्यानंतर देते, आधी कधीच नाही, तिच्याशी पुढचं बोलावं.

पुढचं म्हणजे देण्याचं. फीचा आकडा ऐकून बरेच जण म्हणतात, चार-सहा तासांचे एवढे? सदतिसाव्या आठवड्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत ती बाई गाव सोडून जात नाही. फोन उशाशी ठेवून झोपते, दुसरी मोठी जबाबदारी घेत नाही. त्यामुळे महिन्याला मोजकीच बाळंतपणं तिला घेता येतात. बाळंतपणाच्या वेळी दोन जणी लागतात, एक आईकडे आणि एक बाळाकडे, गडचिरोलीसारखंच. मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं भेटी. वाट पाहण्याचे पैसे द्यायची सवय आपल्याला नाही. सुपातल्या जोंधळ्यांनी ती लावली नाही.

सगळ्यात महत्त्वाची अट लिहून घ्या: मध्येच दवाखान्यात जावं लागलं तरी फी पूर्ण. पुष्कळांना हे अन्यायाचं वाटतं. ‘बाळंतपण तिनं केलंच नाही, मग पैसे कशाचे?’ असं एका सुशिक्षित सासऱ्यांनी माझ्यासमोर विचारलं. अहो, योग्य वेळी ‘चला’ म्हणाल्याचे. पहाटे तीनला, बाळाचे ठोके कमी होताना, तिच्या मनात पैशाचा विचार एक क्षणही येता कामा नये. बाळ घरीच झालं तर पूर्ण रक्कम आणि दवाखान्यात नेलं तर निम्मी, असा करार करणारं घर तिला ‘आणखी जरा थांबू’ म्हणायला भाग पाडतं. त्या थांबण्याची किंमत मोजते ती आई किंवा बाळ. शेवटचा हप्ता छत्तिसाव्या आठवड्याच्या आत देऊन टाकावा. कळा सुरू झाल्यावर व्यवहार उरू नये. गरज सरो, वैद्य मरो हा स्वभाव आपल्यात मुरलेला आहे, तेव्हा आधीच दिलेलं बरं.

पैसे कशाचे मिळतात यावर निर्णय वळतो, ही गोष्ट रुग्णालयांनाही लागू आहे. २०१९-२१ च्या पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. यामागे कारणं बरीच आहेत, सगळं पैशावर ढकलणं डॉक्टरांवर अन्याय होईल. पण ज्या व्यवस्थेत वाट पाहण्याचं बिल होत नाही आणि शस्त्रक्रियेचं होतं, तिथे वाट पाहणं कमी होणारच.

नेदरलँड्सनं हा देण्याचा प्रश्न पुष्कळसा सोडवला आहे. आयटीच्या नोकरीवर ॲम्स्टेलवेनला गेलेली मराठी जोडपी दिवस राहिल्याबरोबर चकित होतात, कारण डॉक्टरकडे जायचंच नसतं, सरळ प्रसाविकेकडे. तिची फी सक्तीच्या मूळ आरोग्यविम्यातून जाते. वर्षाला पहिले ३८५ युरो आपण भरायचा जो नियम आहे तोही तिच्या बाबतीत लागत नाही. धोका नसेल तर बाळंतपण घरी की दवाखान्यात हे आईनं ठरवायचं. सात-आठ बाळंतपणांतलं एक अजून घरी होतं. त्यानंतर आठवडाभर एक शिकलेली बाई रोज काही तास घरी येते. बाळाचं, आईचं पाहते, आल्यागेल्याला चहा देते, न्हाणीघर पुसते. तिच्यासाठी घरानं तासाला पाच-एक युरो द्यायचे, उरलेले विमा देतो. धुणं आणि जाणणं या दोन्ही कामांना तिथे दर आहे आणि दोन्ही कामं करणाऱ्या बायका पुढच्या दारानं घरात येतात. तो देश लहान आणि सपाट आहे, रुग्णवाहिका मिनिटांत येते. नंदुरबारमधल्या अक्राणीच्या डोंगरात झोळीतून नेल्या जाणाऱ्या बाईला त्याची उपमा देता येणार नाही. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत माहेरघर योजनेतून बाळंतपणाआधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळ येऊन राहण्याची सोय झाली, ती मला अधिक जवळची वाटते.

बाळ घरी झालं की एक काम विसरू नका. २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करा, त्याला पैसे लागत नाहीत. नोंदणीच्या अर्जात एक रकाना आहे, प्रसूतीच्या वेळी कुणाची मदत झाली: सरकारी संस्था, खासगी संस्था, डॉक्टर-परिचारिका किंवा प्रशिक्षित सुईण, पारंपरिक सुईण, नातेवाईक. तो खरा भरा. १९६९ च्या कायद्यात जन्माची खबर देण्याचं कर्तव्य प्रसाविकेवरही टाकलेलं आहे.

आमच्या वडिलांच्या वेळी असं काही झालं नाही. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून तारीख लिहिली, त्या काळातल्या अर्ध्या वर्गाची असायची तीच. कॉलेजात असताना मी गावी गेले आणि त्यांना बाहेर काढलेल्या सुईणीला शोधून काढलं. तेव्हा तिची सत्तरी जवळ आली होती, डोळ्यांत मोतीबिंदू होते, हात मात्र अजून मऊ. मी विचारलं, “आजी, बाबांचा जन्म कधीचा?”

“खांदेमळणीची रात व्हती,” ती लगेच म्हणाली. “बैलांचं खांदं मळून झालं न् तुझ्या आजीला कळा लागल्या. पहाटं पावसात झाला तुझा बाप. उताणा व्हता, तोंड वर करून. लई येळ बसले.”

म्हणजे पोळ्याची पहाट. मी वहीत लिहून घेत होते. तिनं माझ्या वहीकडे पाहिलं आणि म्हणाली, “लिहितीयास तर समदं लिही. लुगडं न् दोन पायल्या जोंधळं कबूल केलं व्हतं तुझ्या आज्यानं. लुगडं दिलं. जोंधळं एकच पायली.”